मागची डावी बाजू

१

मी बावीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम मोजायचं आणि नाक मुरडायचं. मृण्मयी, माझी बायको, म्हणते की घरी तुम्ही हेच काम बिनपगारी करता. म्हणू दे. सांगायचा मुद्दा एवढाच, की मी भाबडा माणूस नाही. मोजल्याशिवाय मी काही मानत नाही. आणि मोजलं की मानावंच लागतं, तिथंच सगळा घोळ झाला.

गाडी वडिलांची, शहात्तर सालची फियाट. अण्णा म्हणजे ढुंढिराजगुरुजी, पंचवटीतले तीर्थोपाध्याय. अस्थी घेऊन येणारे यजमान नाशिक रोडला रेल्वेतून उतरायचे आणि अण्णा स्वतः गाडी काढून त्यांना आणायला जायचे. तिथून थेट रामकुंड. तीस वर्षं हे चाललं. मग गुडघे गेले, नजर गेली, अण्णा आमच्याकडे गंगापूर रोडला राहायला आले आणि त्यांच्या मागोमाग गाडीही आली. बारा वर्षं ती आमच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती.

जानेवारीत अण्णांच्या छातीत पाणी झालं. आठ दिवस दवाखान्यात काढून घरी आणताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "आता नळ्या-बिळ्या नकोत. त्यांच्या मनात काय असेल ते करू द्या. उन्हाळा निघाला तरी खूप झालं."

अण्णांच्या मनात एकच होतं. घरी आल्या आल्या, चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "आल्हाद, माझी गाडी चालू कर. एकदा स्टिअरिंगवर बसतो. इंजिन चालू पाहिजे हं, नुसतं फोटोला बसवू नकोस. मग मी मोकळा."

मोकळा म्हणे. पण मी म्हटलं, "करतो की, त्यात काय!"

२

करायची कुणी, हा खरा प्रश्न.

पिंपळगाव बसवंतला झुंबरभाऊंचं गॅरेज आहे. हायवेवर द्राक्षांचे टेम्पो दुरुस्त करतात, पण जीव जुन्या फियाटींवर. एका रविवारी ते आले, ताडपत्री काढली, गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि खाली वाकून टॉर्च मारली.

"दोन म्हयने धरा," ते म्हणाले. "अन् गाडी माझ्याकडं लागंल. हितं नाय व्हायचं."

"मी स्वतः केलं तर?"

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मऊ हात, काय बोलणार! "पत्रा करा, रंग करा. लय झालं तर वाकडं दिसंल, लोक हसतील. इंजिन मी रविवारी येऊन बघीन. पण साहेब, ब्रेक अन् पाटे घरी करायचं काम नाय. त्याच्यावर जीव असतो."

रात्रभर विचार केला असं म्हणायची पद्धत आहे, पण मी जेवणाच्या आधीच ठरवून मोकळा झालो होतो. गाडी पिंपळगावला गेली असती तर दोन महिने अण्णांच्या डोळ्यांआड झाली असती, आणि त्यांच्याकडे तेवढेच दोन महिने असले तर? इथं पोर्चमध्ये काम चाललं तर ते समोरच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतील, ठोकाठोक ऐकतील, मला चार शिव्या घालतील. शिवाय खरं सांगायचं तर मलाही खुमखुमी होती. जन्मभर दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवली, आता एकदा स्वतःच्या हातानं काहीतरी करून दाखवू.

म्हणून ठरलं. इंजिन झुंबरभाऊंचं, बाकी माझं.

३

रोज नऊला सुरुवात, एकला बंद. अण्णा शाल गुंडाळून व्हरांड्यात. मी गंज खरवडायचो, खड्ड्यांत लांबी भरायचो, पॉलिश पेपर मारायचो. मृण्मयी अकराला ताक आणून द्यायची आणि "आज तरी फियाटसारखी दिसतेय का?" म्हणून टोमणा मारून जायची. खोटं कशाला बोलू, ते दिवस छान गेले.

गाडी सरळ उभी आहे ना हे बघायला मी सुरुवातीलाच चारही चाकांवरच्या कमानींची उंची मोजून वहीत लिहिली होती. जमिनीपासून पत्र्याच्या कडेपर्यंत. सवयच ती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कमानीची कड रंगवण्याआधी पुन्हा टेप लावली, तर मागची डावी बाजू बावीस मिलीमीटर खाली.

पाटा, म्हणजे चाकावरची पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, बसला असेल, मी म्हटलं. जुनं लोखंड, बारा वर्षं एका जागी, बसणारच. वहीत लिहिलं आणि ताक प्यायलो.

एक वाजता हत्यारं आवरताना सहज पुन्हा मोजलं. दोन्ही बाजू सारख्या.

बसलेला पाटा आपला आपण उठत नाही. हे कळायला क्वालिटीत बावीस वर्षं घालवायला लागत नाहीत. मी टेप बदलली. फरशीला लेव्हल लावली. टायरमधली हवा तपासली. पुढचे चार दिवस दर अर्ध्या तासाला मोजलं. अण्णा वैतागून म्हणाले, "अरे, तू गाडी करतोयस का शिंपीकाम?"

चार दिवसांत एवढंच निघालं. नऊला गाडी सरळ असायची. दहाच्या सुमारास मागची डावी बाजू खाली जायची. बारा-साडेबाराला वर यायची. उन्हानं पत्रा प्रसरण पावतो वगैरे मी स्वतःला सांगून पाहिलं. पण ऊन उजवीकडून येत होतं.

४

शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं. तिथून मी सिमेंटची एक गोणी मागून आणली. पन्नास किलो, छापील. सकाळी साडेआठला, गाडी सरळ असताना, ती मागच्या सीटवर डावीकडे ठेवली. वीस मिलीमीटर. वर गव्हाच्या पिठाचं पाच किलोचं पाकीट ठेवलं. बावीस.

म्हणजे पंचावन्न किलो. एक बारीक अंगाचा माणूस.

हे वहीत लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण माणूस हा शब्द वहीत लिहिण्याइतका माझा मेंदू सडला नव्हता. गोणी परत केली. मृण्मयी म्हणाली, "पीठ कशाला नेलं होतंत हो?" मी म्हटलं, "चाचणी." तिनं कपाळाला हात लावला.

रविवारी झुंबरभाऊ इंजिनासाठी आले तेव्हा मी पाट्यांचं बोललो. नेमकं काय ते बोललो नाही. एक बाजू बसते, एवढंच. त्यांनी दोन्ही पाटे काढून पिंपळगावला नेले, तापवून नवा बाक देऊन आणले आणि स्वतः बसवले. "आता ह्याच्यावर कांद्याची गाडी चालंल," म्हणाले.

सोमवारी दहा वाजता बावीस मिलीमीटर.

मग मागची सीट नवं कापड चढवायला दिली. आता गाडीत मागे नुसता उघडा पत्रा होता. माझा हिशोब असा, की जुन्या सीटच्या आतल्या स्प्रिंगांमुळे काहीतरी होत असेल. कसं होत असेल ते विचारू नका. माणूस स्वतःची समजूत काढायला लागला की त्याला काहीही पुरतं.

त्या दिवशी मी गाडीखाली होतो. चाकं फळ्यांवर चढवून, पाठीखाली पुठ्ठा टाकून ब्रेकचा जुना पाइप सोडवत होतो. पाटे माझ्या तोंडापासून वीतभर. दहा वाजून गेले होते. पलीकडे भाजीवाली ओरडत होती, मृण्मयीचा कुकर शिट्ट्या देत होता, सगळं नेहमीचं.

डावा पाटा कुरकुरला.

दार वाजलं नव्हतं. पाऊल वाजलं नव्हतं. नुसता पाटा दबायला लागला, एकेक पट्टी खालच्या पट्टीवर टेकत. धप्पकन नाही. अगदी सावकाश. मांडीवर काहीतरी जपून धरलेला माणूस बसतो ना, आधी टेकतो, मग सरकतो, मग पाठ टेकवतो, तसं. तीन वेळा कुरकुर आणि मग शांतता. माझ्या नाकासमोर पाटा दबलेलाच राहिला.

मी घाबरलो नाही असं म्हणणार नाही. पण ओरडलोही नाही. हळूहळू पाय घासत बाहेर आलो, उभा राहिलो, काचेतून आत पाहिलं. उघडा पत्रा. त्यावर ऊन. काहीही नाही.

"कोण आलंय रे?" व्हरांड्यातून अण्णांनी विचारलं. त्यांना चार हातांपलीकडचं दिसत नाही.

"कोणी नाही, अण्णा."

"बरं," ते म्हणाले. "बसव त्यांना. मी आलोच."

५

त्याच दुपारी मी झुंबरभाऊंना फोन केला. म्हटलं, "हरलो. टेम्पो पाठवा, गाडी घेऊन जा. ब्रेक तुम्हीच करा." ते हसले नाहीत, याचं मला आश्चर्य वाटलं. "शुक्रवारी येतो," म्हणाले. "तवर हात लावू नका." फोन ठेवल्यावर मला इतकं बरं वाटलं, की मी जाऊन दोन तास झोपलो.

बुधवारी अण्णांनी जेवण सोडलं. पेज पुढे केली तर मान फिरवायचे. डोळे खुर्चीतूनच गाडीकडे. गुरुवारी सकाळी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "राहू दे, आल्हाद. फार झालं तुझं." एवढंच.

काय करणार होतो मी? शुक्रवारी टेम्पो आला असता, गाडी गेली असती आणि पंधरा दिवसांनी परत आली असती. इंजिन तर झालंच होतं. राहिले होते ते फक्त ब्रेक. मी झुंबरभाऊंना टेम्पो पाठवू नका म्हणून कळवलं. ते म्हणाले, "तुमची मर्जी. चालवू नका म्हंजी झालं. नुसतं उभ्या उभ्या चालू करा."

पण मला अण्णांना रामकुंडापर्यंत न्यायचं होतं. एकदाच. ते स्टिअरिंगवर बसून घेतील, मग मी त्यांना शेजारी घेईन आणि सावकाश जाऊन येऊ. दोन दिवस मी गाडीखालून निघालो नाही. पाइप बसवले, ब्रेकचं तेल भरलं, पाइपांतली हवा काढली, पेडल दाबून पाहिलं. कडक लागलं. दहा ते बारा डोक्याजवळ पाटा दबलेला असायचा. मी तिकडे बघत नव्हतो. बसायचंय तर बसा बुवा, म्हटलं. आपलं काम आपण करू.

शनिवारी नवी सीट बसली. सव्वादहाला मी आणि मृण्मयीनं अण्णांना खांद्याला धरून स्टिअरिंगवर बसवलं. तिनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, डोळे पुसले आणि अण्णांसाठी पाणी आणायला आत गेली. मी अण्णांच्या शेजारी बसलो. चावी फिरवली. एका दमात इंजिन लागलं.

देवाशपथ सांगतो, त्या क्षणी मला स्वर्ग हाती लागला होता. अण्णांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला. त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला, गिअरच्या दांड्याला बोट लावलं, मान ताठ केली. मग, कितीतरी वेळा केलं असेल तसं, मागे न बघता, आरशाकडे तोंड करून खणखणीत आवाजात विचारलं,

"या, बसलात ना नीट? गाव कुठलं आपलं?"

इंजिन चालू होतं. अण्णा कान देऊन ऐकत होते.

"नाशिकच?" ते हसले. "अहो, मग तुम्हाला गाडी कशाला लागते? चालत यायचंत की. आडनाव?"

पुन्हा तेवढाच वेळ.

"वा! म्हणजे आमच्यातलेच तुम्ही!"

मी आरशाकडे पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. आरसा अण्णांच्या उंचीला लावलेला होता, म्हणून मला माझ्या जागेवरून सीटचा खालचा भागच दिसला. गुडघे होते. त्यांवर पांढऱ्या कापडात बांधलेलं गाडगं होतं, आणि त्याभोवती दोन हात. एक अंगठा कापडाच्या गाठीवरून हळूहळू फिरत होता. हात तरुण होते. त्यांच्याकडे मी नीट पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ओळखले असते, असं मला राहून राहून वाटतं.

"बरं," अण्णा म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला, कामाचा झाला. "कोणाचं कार्य आहे?"

ते ऐकत राहिले. मग भुवया आक्रसल्या. ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी मान थोडी मागे कलती केली, पुन्हा ऐकलं. आणि मग अगदी हळू माझ्याकडे वळले. चार हातांच्या आत होतो मी, त्यांना दिसत होतो. त्यांनी माझ्या गालाला हात लावला.

"नाही, नाही," ते आरशाला म्हणाले. "तुमचं काहीतरी चुकतंय. हा काय, इथं बसलाय."

मी चावी बंद केली.

६

गाडी त्याच दिवशी टेम्पोत चढवून पिंपळगावला गेली. रामकुंडाला आम्ही गेलो नाही. दोन दिवसांनी झुंबरभाऊंचा फोन आला. "साहेब, तुमचा मागचा ब्रेक खोलला..." एवढं ते बोलले आणि मी म्हटलं, "नका सांगू." ते समजूतदार आहेत. म्हणाले, "बरं. आता गाडी हितंच राहू द्या."

गाडी गेली की सगळं जाईल असं मी धरून चाललो होतो. पुण्याला आमच्या मुलाला, गौरांगला, फोन करून उगाचच सांगितलं, की इतक्यात घरी येऊ नकोस, सुट्टी वाया जाईल. तो म्हणाला, "बाबा, मी येतच नव्हतो." मला बरं वाटलं.

अण्णांनी मात्र कमाल केली. दुसऱ्या दिवसापासून जेवायला लागले. पेज, मग भात, मग वरणभात. मोकळा होतो म्हणणारा माणूस, आता औषधाची वेळ चुकली तर मृण्मयीला हाक मारतो. डॉक्टर येऊन गेले, खूश झाले. "गाडीनं जादू केली म्हणा की!" मृण्मयी सगळ्या नातेवाइकांना तेच सांगते.

मी अण्णांना एकदाच विचारलं. दुपारी, त्यांचे पाय चेपताना. "अण्णा, त्या दिवशी गाडीत कोण होतं?"

"यजमान," ते म्हणाले.

"कोणाचं नाव सांगितलं त्यांनी?"

त्यांनी पाय ओढून घेतला. "नाव विचारायचं काम माझं. सांगायचं काम त्यांचं. आणि नाही म्हणायचंही माझंच. मी आहे तोवर सांगीन मी त्यांना. तू कशाला काळजी करतोस?"

मी आहे तोवर.

पोर्च आता रिकामा आहे. तिथं मोजण्यासारखं काही राहिलेलं नाही. अण्णांची खुर्ची मात्र त्यांनी व्हरांड्यात फाटकाकडे तोंड करून ठेवायला लावली आहे. रोज दहाच्या सुमारास ते शाल नीट करून सरसावून बसतात. आतून मला त्यांचा आवाज येतो. रागाचा नाही, यजमानांशी बोलायचा, अदबीचा. "नाही हो. अजून नाही. आहे, आहे, घरातच आहे तो." मग विचारतात, "आल्हाद?" मी म्हणतो, "आहे, अण्णा." मग ते पुन्हा फाटकाकडे वळून म्हणतात, "ऐकलंत ना?"

परवा त्यांना खोकला सुरू झाला. साधाच आहे, हवा बदलली की होतो, असं डॉक्टर म्हणाले. मी वाफेचं मशीन आणलं, हळदीचं दूध दिलं, छातीला तेल चोळलं. त्यांचा श्वास किती येतो-जातो ते घड्याळ लावून मोजतो. बापाची अशी सेवा हल्ली कोण करतं, असं शेजारच्या लताबाई सगळ्यांना सांगतात, आणि मला तोंड वर करून त्यांच्याकडे बघवत नाही.

आज सकाळी दहाला मी स्वयंपाकघरात होतो. व्हरांड्यातून अण्णांचा आवाज आला, पण खोकल्यानं तो इतका बारीक झाला होता की शब्द कळेनात. ते परत बोलले. पुन्हा खोकला. मग काहीच नाही. मी हातातलं भांडं टाकून धावलो. अण्णा खुर्चीत दम टाकत होते, हात फाटकाच्या दिशेनं उचललेला, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"आहे!" मी रिकाम्या फाटकाकडे बघून ओरडलो. "मी आहे, इथंच आहे!"

"कोणाला सांगताय हो?" मृण्मयीनं आतून विचारलं.